धनको, ऋणको आणि लोकप्रतिनिधि

‘दिवाळें’ या आपल्या शब्दाची व्युत्पत्ति सांगतांना जुनीं माणसें म्हणत कीं, ज्या सावकाराची पेढी बुडे तो भर दिवसा दुकानांत दिवा लावून ठेवी आणि गांवानें काय समजावयाचें तें समजावें. इंग्रजींतील त्याच अर्थाच्या शब्दाच्या मुळाशीं इटालींतील सराफाचें मोडलेलें बांकडें आहे, असें भाषाशास्त्री सांगतात. दिवा असो कीं बांकडें असो, दोहोंचें तात्पर्य एकच: दिवाळें ही चव्हाट्यावरची गोष्ट आहे. ऋणकोची अब्रू तेथें चारचौघांत उघडी पडते. परंतु त्या ऋणकोचें पुढें काय व्हावयाचें हें ज्या कायद्यानें ठरतें, तो कायदा घडत असतांना धनको आणि कायदा करणारे यांच्यामध्यें जो व्यवहार होतो, तो तितकाच उघड्यावर होतो काय?

हा प्रश्न कोणत्याहि लोकसत्ताक राज्यास विचारतां येईल. पण त्याचें उत्तर शोधण्यास जितकीं साधनें अमेरिकेंत आहेत तितकीं फार थोड्या देशांत असतील. तेथें निवडणुकीच्या देणग्यांची नोंद सरकारदप्तरीं करावी लागते आणि कायदेमंडळांतील प्रत्येक मताचीहि नोंद राहते. म्हणून कोणी किती दिलें आणि कोणी कोणीकडे हात वर केला, हीं दोन्ही पानें शेजारीं शेजारीं ठेवून वाचतां येतात. २००५ सालीं तेथें नादारीचा जो नवा कायदा झाला, त्याच्या संबंधानें हीं दोन पानें वाचण्याचा प्रयत्न आम्ही या लेखांत करणार आहों.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला पैसा पुरविणारा रॉबर्ट मॉरिस हा गृहस्थ पुढें जमिनीच्या सट्ट्यांत बुडाला आणि १७९८ पासून १८०१ पर्यंत फिलाडेल्फिया येथें कर्जदारांच्या तुरुंगांत पडून राहिला. ज्याच्या पतीवर वॉशिंग्टनचें सैन्य पोसलें गेलें, त्यालाच कर्जापायीं गजाआड बसावें लागलें! १७८७ च्या राज्यघटनेनें नादारीसंबंधीं सर्व देशास एकरूप कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला होता. परंतु त्या अधिकाराचा उपयोग बराच काळ धरसोडीचा झाला. १८०० चा कायदा १८०३ सालीं रद्द झाला; १८४१ चा १८४३ सालीं, आणि १८६७ चा १८७८ सालीं. व्यापारांत मंदी आली म्हणजे कायदा करावा आणि धनकोंची ओरड वाढली म्हणजे तो मोडावा, असा हा क्रम होता. १८९८ चा कायदा मात्र टिकला. प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोस जुन्या कर्जाच्या ओझ्यांतून सोडवून संसाराचा नवा आरंभ करूं द्यावा, हें तत्त्व १९३४ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें स्पष्ट शब्दांत मान्य केलें. यांत दया आहे. पण केवळ दया नाहीं. जन्मभर कर्जाखालीं दडपलेला मनुष्य उद्योग करीत नाहीं आणि त्यामुळें सर्व समाजाचेंच नुकसान होतें, हा व्यवहारी हिशेबहि त्यांत आहे.

१९७८ हें साल या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं काँग्रेसनें नादारीचा कायदा नव्यानें रचला आणि तो ऋणकोंना बराच अनुकूल झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस वरिष्ठ न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, बँक ज्या संस्थानांत असेल तेथल्या कायद्याप्रमाणें व्याज तिनें इतर संस्थानांतील गिऱ्हाइकांपासूनहि घ्यावें. वरवर पाहतां हा अगदीं रूक्ष निर्णय. पण त्यानें व्याजाच्या सर्व मर्यादा एका फटक्यानें सैल केल्या. साउथ डकोटा संस्थानानें १९८० सालीं व्याजावरील बंधन उठविलें आणि न्यूयॉर्कची सिटीबँक आपला क्रेडिट कार्डाचा धंदा उचलून तेथें गेली. १९८१ सालीं डेलावेअर या चिमुकल्या संस्थानानें तोच मार्ग धरला. क्रेडिट कार्डाच्या धंद्यांत पुढें बलाढ्य झालेली एम्‌बीएन्‌ए ही कंपनी त्याच संस्थानांत वाढली.

क्रेडिट कार्डाचा धंदा हा जुन्या सावकारीहून एका बाबतींत निराळा आहे. जुना सावकार कुळाची ऐपत पाहून पैसे देई, कारण मुद्दल बुडाली तर तो स्वतः बुडे. कार्ड देणाऱ्या पेढीला मात्र सर्वांत किफायतशीर गिऱ्हाईक तें, जें मुद्दल कधींच पुरती फेडीत नाहीं आणि व्याज व दंड मात्र महिन्यामागून महिना भरीत राहतें. अशीं गिऱ्हाइकें वाढविण्यासाठीं ऐपत नसलेल्यांच्याहि हातीं कार्डें पडूं लागलीं, आणि त्यांतले कांहीं बुडणार हें ओघानेंच आलें. १९९६ सालीं नादारीच्या अर्जांची संख्या प्रथमच १० लाखांच्या वर गेली.

या वाढीचीं दोन कारणें दोन पक्षांनीं सांगितलीं. धनकोंचें म्हणणें असें कीं, लोकांची लाज सुटली आहे. ज्यांना कर्ज फेडतां येतें तेहि न्यायालयांत जाऊन हात झाडतात, आणि त्याचा बोजा प्रामाणिक कुटुंबांवर दरसाल ४०० डॉलर इतका पडतो. हा आंकडा बुडीत कर्जांची अंदाजी बेरीज घेऊन तिला देशांतील कुटुंबांच्या संख्येनें भागून काढलेला होता; परंतु तो सभांतून व वृत्तपत्रांतून इतक्या वेळां उच्चारला गेला कीं, शेवटीं त्यास सिद्धान्ताची प्रतिष्ठा आली. उलटपक्षीं, हार्वर्ड येथील कायद्याच्या प्राध्यापिका एलिझाबेथ वॉरन आणि त्यांचे सहकारी यांनीं न्यायालयांतील अर्ज प्रत्यक्ष तपासून असें दाखविलें कीं, नादार होणारीं बहुतेक कुटुंबें मध्यम वर्गांतलीं असून आजारपण, नोकरी जाणें आणि घटस्फोट हीं त्यांच्या ऱ्हासाचीं मुख्य कारणें आहेत. काँग्रेसनें १९९४ सालीं या विषयाच्या विचारासाठीं एक आयोग निर्माण केला होता आणि वॉरन त्याच्या सल्लागार होत्या. ऑक्टोबर १९९७ मध्यें त्याचा अहवाल बाहेर पडला. पण त्यापूर्वींच धनकोंना अनुकूल असें एक बिल प्रतिनिधिसभेंत दाखल होऊन चुकलें होतें. न्यायाधीशाचा निकाल वाचून होण्याच्या आधींच वादीनें हुकूमनामा लिहून आणावा, त्यांतलाच हा प्रकार.

या बिलाचें सार थोडक्यांत असें. अमेरिकेंत ऋणकोस दोन वाटा होत्या: कायद्यानें राखून ठेवलेल्या वस्तूंखेरीज असेल तें देऊन टाकून कर्जांतून मोकळें व्हावें, किंवा न्यायालयाच्या देखरेखीखालीं हप्त्यांनीं कांहीं वर्षें फेड करावी. कोणती वाट धरावयाची हें बहुतांशीं ऋणकोच ठरवीत असे. नव्या बिलानें मिळकतीची कसोटी घातली. ज्याची मिळकत त्याच्या संस्थानांतील मधल्या कुटुंबाच्या मिळकतीहून अधिक आणि ज्याच्याजवळ ठरीव खर्च वजा जातां कांहीं शिल्लक राहते, त्याची सुटका दुरुपयोगाची समजावी व त्यास पांच वर्षें हप्ते भरावयास लावावें, असा नियम झाला. अर्जापूर्वीं सल्लागाराकडून उपदेश घेणें सक्तीचें झालें, कागदपत्रें वाढलीं, वकिलाचा खर्च वाढला. खासगी पेढ्यांनीं शिक्षणासाठीं दिलेलीं कर्जेंहि जवळजवळ न सुटणारीं झालीं.

आतां पैशाचें पान उघडूं. अमेरिकेंत कंपनीनें राष्ट्रीय निवडणुकींतील उमेदवारास स्वतःच्या तिजोरींतून पैसा देण्यास १९०७ पासून बंदी आहे. परंतु कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं आणि त्यांच्या कुटुंबीयांनीं व्यक्तिशः दिलेल्या देणग्यांस, तसेंच नोकरवर्गाच्या वर्गणीवर चालणाऱ्या राजकीय मंडळांस ही बंदी नाहीं. २००२ च्या कायद्यापूर्वीं तर राजकीय पक्षांना अमर्याद रकमा देण्याचीहि पळवाट होती. प्रत्येक व्यक्तीच्या देणगीस मर्यादा असते. पण शेंकडों चेक एकाच दिवशीं, एकाच पाकिटांतून आले, म्हणजे ते कोणाकडून आले हें उमेदवारास निराळें सांगावें लागत नाहीं. २००० सालच्या निवडणुकींत बुश यांना मिळालेल्या देणग्यांची देणारांच्या मालकांवारीं बेरीज केली तेव्हां एम्‌बीएन्‌ए सर्वांत वर निघाली. रक्कम होती सुमारें २ लाख ४० हजार डॉलर. डेलावेअरचे सेनेटर जोसेफ बायडन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांच्या निवडणूक-निधींतहि याच कंपनीच्या नोकरवर्गाचा वांटा अनेक वर्षें सर्वांत मोठा होता, आणि या बिलाचे ते आपल्या पक्षांतील ठळक पुरस्कर्ते होते.

एवढें वाचून कोणी लगेच म्हणेल कीं, झालें, पैसा दिला आणि मत घेतलें! परंतु इतिहास लिहिणारानें इतकी घाई करूं नये. पुढें बिलाचें काय झालें तें पहा.

२००० च्या डिसेंबरांत सेनेटनें हें बिल ७० विरुद्ध २८ मतांनीं मंजूर केलें. अध्यक्ष क्लिंटन यांनीं त्यावर सही केली नाहीं आणि अधिवेशन संपल्यामुळें तें आपोआप मेलें. वॉरन यांनीं पुढें आपल्या पुस्तकांत लिहिलें आहे कीं, अध्यक्षांच्या पत्नी हिलरी क्लिंटन यांना त्यांनीं या बिलाचे परिणाम समजावून दिले होते आणि त्या बिलाच्या विरुद्ध झाल्या होत्या. मात्र २००१ सालीं हिलरीबाई स्वतः न्यूयॉर्कच्या सेनेटर झाल्या, आणि त्या वर्षीं बिल पुन्हां आलें तेव्हां त्यांनीं अनुकूल मत दिलें. स्त्रिया व मुलें यांच्या पोटगीस संरक्षण देणारे फेरफार करून घेतल्यामुळें आपण तसें मत दिलें, असें त्यांचें स्पष्टीकरण आहे. न्यूयॉर्क हें बँकांचें माहेरघर. तेव्हां वाचकांनीं आपापला तर्क करावा. बिल मंजूर झालें ८३ विरुद्ध १५ मतांनीं. आतां अध्यक्ष अनुकूल, दोन्ही सभा अनुकूल, धनको उत्सुक; मग कायदा झालाच असला पाहिजे, असें वाटेल. पण तो झाला नाहीं! गर्भपाताच्या दवाखान्यांसमोर दंगे करणारांना झालेला दंड नादारीच्या आधारें बुडवितां येऊं नये, अशी एक उपसूचना सेनेटर शूमर यांनीं बिलास जोडली होती. गर्भपातास विरोध करणाऱ्या सभासदांना ती मानवेना. अखेर नोव्हेंबर २००२ मध्यें प्रतिनिधिसभेनें तें बिल चर्चेस घेण्याचा ठरावच २४३ विरुद्ध १७२ मतांनीं फेटाळला. ज्या बिलासाठीं बँकांनीं इतकीं वर्षें खटपट केली, तें तिच्याशीं संबंध नसलेल्या एका वादांत अडकून पडलें.

हा प्रसंग आम्हांस फार उद्बोधक वाटतो. जेथें मतदार जागा आहे आणि प्रतिनिधीच्या मतावर नजर ठेवून बसला आहे, तेथें मोठ्यांतली मोठी थैलीहि निरुपयोगी ठरते. थैलीचें सामर्थ्य मतदाराच्या झोंपेवर अवलंबून आहे.

२००५ सालीं शूमर यांची उपसूचना ५३ विरुद्ध ४६ मतांनीं पडली आणि वाट मोकळी झाली. १० मार्च रोजीं सेनेटनें ७४ विरुद्ध २५ मतांनीं बिल मंजूर केलें; १४ एप्रिल रोजीं प्रतिनिधिसभेनें ३०२ विरुद्ध १२६ मतांनीं त्यास मान्यता दिली; आणि २० एप्रिल रोजीं बुश यांची सही झाली. या मतांची छाननी केली तर असें दिसतें कीं, दोन्ही सभांत रिपब्लिकन पक्षाच्या एकाहि सभासदानें प्रतिकूल मत दिलें नाहीं. कोणास बँकांकडून पुष्कळ पैसा मिळाला होता, कोणास अगदीं थोडा. पण मत सर्वांचें एक. येथें पैशापेक्षां पक्ष आणि विचारसरणी हींच मताचें कारण मानलीं पाहिजेत. डेमोक्रॅटिक पक्षांत मात्र फूट पडली: सेनेटमध्यें त्यांचे १८ सभासद बिलाच्या बाजूस गेले. त्यांत डेलावेअरचे दोघेहि होते, साउथ डकोटाचेहि होते. पण एवढ्यावरून तरी देणगीचा परिणाम सिद्ध होतो काय? ज्या कंपनीनें आपल्या संस्थानांत हजारों लोकांस रोजगार दिला, तिच्या बाजूनें मत देणारा सेनेटर देणगीस भुलला कीं आपल्या मतदारांच्या पोटापाण्याकडे पाहत होता, हें कोणत्या तराजूनें तोलावें? आणि देणारा तरी कोणास देतो? जो आधींच आपल्या मताचा आहे त्यासच. मग देणगीमुळें मत झालें कीं मतामुळें देणगी आली?

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनीं या प्रश्नावर पुष्कळ श्रम घेतले आहेत. नुनेझ आणि रोझेंथाल या दोघांनीं २००१ व २००२ सालच्या नादारीविषयक मतदानाचाच अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा कीं, मताचें प्रमुख कारण सभासदाची विचारसरणी हेंच होतें. देणग्यांचा परिणाम असला तरी मर्यादित होता. इतर कायद्यांसंबंधीं झालेल्या अनेक अभ्यासांचाहि रोख असाच आहे. तर मग धनको पैसा देतात तो काय धर्मार्थ? व्याजाचा हिशेब पैपर्यंत ठेवणारी मंडळी इतक्या वर्षांचा हा खर्च निष्कारण करीत असतील, हें संभवत नाहीं.

आमच्या मतें चूक प्रश्नांतच आहे. मत हा कायद्याच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम. पैशाचें काम त्याच्या फार आधीं होऊन गेलेलें असतें. रिचर्ड हॉल आणि फ्रँक वेमन यांनीं १९९० सालीं दाखविलें कीं, देणग्यांचा परिणाम मतांत दिसत नसला तरी समितीच्या कामांत दिसतो: अनुकूल सभासद अधिक झटतो, उपसूचना मांडतो, वाटाघाटी करतो, प्रतिकूल सभासद स्वस्थ बसतो. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याहून बोलका आहे. एका संस्थेनें काँग्रेसच्या १९१ सभासदांच्या कचेऱ्यांकडे भेटीची मागणी केली. कांहींना भेटीस येणारे लोक केवळ मतदार आहेत असें कळविलें, कांहींना ते देणगीदार आहेत असें कळविलें. देणगीदार म्हटल्यावर वरिष्ठ मंडळींची भेट तिपटीचौपटीनें अधिक वेळां मिळाली. पैशानें मत विकत मिळत नसेल. दार मात्र उघडतें. आणि ज्याच्यासाठीं दार उघडतें त्याचेंच दुःख प्रतिनिधीच्या कानीं पडतें.

२००५ च्या बिलाचा खरा इतिहास म्हणूनच शेवटच्या ७४ मतांत नसून पडलेल्या उपसूचनांत शोधला पाहिजे. आजारपणामुळें नादार झालेल्यांस कसोटींतून वगळावें, ही सेनेटर केनेडी यांची उपसूचना पडली. कोणत्याहि कर्जावर दरसाल ३० टक्क्यांहून अधिक व्याज नसावें, ही सेनेटर डेटन यांची उपसूचना ७४ विरुद्ध २४ मतांनीं पडली. बिलाच्या नांवांत ग्राहकांचें संरक्षण होतें. पण शेंकडा तीसची मर्यादासुद्धां त्यांत मावली नाहीं! ऋणको आपल्या ऐपतीबाहेर कर्ज कां घेतो, यावर वर्षानुवर्षें चर्चा झाली. धनको ऐपत नसलेल्यास कर्ज कां देतो, हा प्रश्न मात्र सभेच्या कामकाजाच्या कडेलाच राहिला. कोणता प्रश्न विचारावयाचा हें ज्याच्या हातीं, त्यास उत्तरे विकत घेण्याची गरज पडत नाहीं.

यांत ऋणकोचाहि एक नाइलाज आहे. धनको थोडे असतात, एकमेकांस ओळखतात आणि आपलें हित काय तें आंकड्यांनीं जाणतात. ऋणकोंचा पक्ष कधींच उभा राहत नाहीं, कारण आपण उद्यां नादार होऊं असें कोणासच वाटत नसतें. आणि जो आज नादार झाला आहे तो लाजेनें तोंड लपवितो. निवृत्तांचे संघ असतात, कामगारांचे असतात. नादारांचा संघ कोणी पाहिला आहे? जो वर्ग बोलत नाहीं, त्याच्यासाठीं बोलणें हेंच प्रतिनिधीचें पहिलें कर्तव्य. पण ज्या सभागृहाच्या दाराशीं देणगीदारांची रांग आहे तेथें न बोलणाऱ्याची आठवण कोणास राहावी?

कायद्याचा परिणाम ताबडतोब दिसला. ऑक्टोबर २००५ पासून तो अंमलांत यावयाचा होता. त्यापूर्वीं सुटका करून घेण्यासाठीं न्यायालयांपुढें रांगा लागल्या आणि त्या एका वर्षांत २० लाखांहून अधिक अर्ज झाले. पुढील वर्षीं ते सुमारें ६ लाखांवर आले. पण २०१० सालीं, मोठ्या मंदीनंतर, पुन्हां १५ लाखांच्या वर गेले. एम्‌बीएन्‌ए कंपनी तर सही झाल्यानंतर दोनच महिन्यांनीं सुमारें ३५०० कोटी डॉलरांना दुसऱ्या बँकेस विकण्याचें ठरलें. या कायद्यानें व्याज उतरलें कीं नाहीं, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. २००९ सालच्या एका अभ्यासाप्रमाणें पेढ्यांचें नुकसान घटलें तरी गिऱ्हाइकांस कांहीं लाभ झाला नाहीं. २०२१ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाप्रमाणें बचतीचा बराच भाग कमी व्याजाच्या रूपानें गिऱ्हाइकांकडे गेला. दोन्ही बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे. आमचा आक्षेप कायद्याच्या फळापेक्षां तो ज्या रीतीनें घडला तिच्यावर आहे.

ती रीति पुढेंहि बदलली नाहीं. २००८ च्या अरिष्टानंतर लाखों कुटुंबांचीं राहतीं घरें लिलावांत निघालीं तेव्हां, नादारीच्या न्यायाधीशास राहत्या घरावरील गहाणाची रक्कम कमी करण्याचा अधिकार द्यावा, अशी सूचना सेनेटर डर्बिन यांनीं आणली. प्रतिनिधिसभेनें ती मान्य केली होती. परंतु ३० एप्रिल २००९ रोजीं सेनेटमध्यें ती ५१ विरुद्ध ४५ मतांनीं पडली. सरकारी खजिन्यांतून नुकत्याच वांचविलेल्या बँका या सूचनेच्या विरुद्ध उभ्या होत्या. त्याच सुमारास डर्बिन यांनीं आकाशवाणीवर उद्वेगानें सांगितलें कीं, अरिष्ट ओढवून आणण्यास कारण झालेल्या बँकाच अद्याप काँग्रेसवर सर्वांत अधिक वजन राखून आहेत, किंबहुना त्याच या वास्तूच्या मालक आहेत. हे उद्गार कोणा बाहेरच्या टीकाकाराचे नसून सत्ताधारी पक्षाच्या एका वरिष्ठ सेनेटराचे आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

काळाची एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी २००५ मध्यें सेनेटच्या समितीपुढें वॉरन साक्षीस आल्या तेव्हां बायडन यांच्याशीं त्यांची चांगलीच खडाजंगी झाली होती. पुढें २०१३ सालीं वॉरन स्वतः सेनेटर झाल्या. आणि २०२० सालीं अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवितांना बायडन यांनीं, जो कायदा आपण झटून संमत केला तो बदलण्याची वॉरन यांचीच योजना मान्य केल्याचें जाहीर केलें. मनुष्याचें मत बदलूं शकतें, हें यावरून दिसतें. पण तें केव्हां बदललें? ज्या दिवशीं त्याला एका संस्थानाच्या नव्हे तर सर्व देशाच्या मतदारांपुढें उभें राहावें लागलें, त्या दिवशीं. मतदारसंघ बदलला, तसा कानीं पडणारा आवाजहि बदलला.

यावरून आमचा निष्कर्ष एवढाच आहे. लोकप्रतिनिधीवर लांच खाल्ल्याचा आरोप करणें सोपें असतें, पण तो बहुधा सिद्ध होत नाहीं आणि पुष्कळदां खराहि नसतो. खरा धोका त्याहून सौम्य दिसणारा, म्हणून अधिक घातक आहे: रोज भेटणारा मनुष्य आपल्याला शहाणा वाटूं लागतो, त्याचा आंकडा आपला आंकडा होतो, आणि जो कधीं भेटतच नाहीं त्याचा प्रश्न आपल्या मनांतून नाहींसा होतो. यासाठीं कोणास दुर्जन व्हावें लागत नाहीं. म्हणून देणग्यांच्या नोंदी उघड असाव्या हें तर योग्यच. परंतु ज्या राज्यांत लोकांनीं त्या नोंदी वाचण्याचे श्रम घेतले नाहींत, तेथें त्या उघड असल्या काय आणि नसल्या काय, दोन्ही सारखेंच. ऋणकोच्या दारांत भर दिवसा दिवा लागत असे तो सर्वांनीं पाहावा म्हणून. कायदेमंडळाच्या दारांतहि तसाच एक दिवा अमेरिकेनें लावून ठेवला आहे. पाहणारे मात्र अद्याप थोडे आहेत.